ताईची बाजू

पट्टेवाले काका हे नाव त्यांना पहिल्यांदा कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. काका कुठल्याही कचेरीत शिपाई नव्हते. त्यांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात, घरोघरचे मीटर वाचण्यात गेली. पट्टे होते ते झाडांवरचे. सुटीच्या दिवशी पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते गावाबाहेरच्या पायवाटेवर निघायचे आणि फिरायला येणाऱ्यांनी वाट चुकू नये म्हणून झाडांवर, दगडांवर वीतभर लांबीचे पट्टे ओढायचे. भटक्या मंडळाने नेमून दिलेलं काम. पगार नाही, मान नाही, वर्षातून एकदा मंडळाच्या पत्रकात शेवटच्या पानावर दोन ओळींचे आभार. त्या दोन ओळी काका कात्रीने कापून जपून ठेवायचे, पण हे आपल्यातच राहू द्या.

वाट म्हणजे काही डोंगरदऱ्या नव्हेत. अकरा किलोमीटरांत धाप लागेल असा एकही चढ नाही. पाण्याच्या टाकीमागून निघायचं, मासे धरणाऱ्यांचं मोठं तळं डावीकडे ठेवून पुढे जायचं, मग गवताच्या रानात एकदम सिमेंटचा रुंद तुकडा लागतो. ती जुन्या लढाईतल्या विमानांची धावपट्टी. आता तिच्यावर शेजारचा गवतवाला गवत वाळत घालतो. पुढे रणगाडे अडवायला रोवलेले सिमेंटचे ठोकळे, गुडघ्याएवढे, ओळीने. मग बरोबर मध्यावर एका उंचवट्यात अर्धा गाडलेला बंकर, ज्याला सगळे खंदकच म्हणतात. त्याच्यापुढे जुळी तळी. एकाच विमानातून पाठोपाठ पडलेल्या दोन बॉम्बांनी झालेले ते खड्डे. आता त्यांत लव्हाळी आणि पाणकोंबड्या आहेत, आणि माहीत नसलेल्याला ते पाणी देवाने घातलंय असंच वाटेल. शेवटी थोडं रान, आणि पलीकडचं गाव.

आता खुणांची एक गोष्ट इथेच समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. झाडाच्या ज्या अंगाला पट्टा काढाल, त्या अंगाने येणाऱ्यालाच तो दिसतो. उलट्या दिशेने येणाऱ्याच्या दृष्टीने ते झाड कोरं असतं. त्याच्यासाठी पाठीमागच्या अंगाला वेगळी खूण लागते, आणि ती कुठे काढायची हे त्या दिशेने चालून आल्याशिवाय कळत नाही. पुढून जाताना जो फाटा दिसतही नाही, तो मागून येताना आ वासून उभा असतो. म्हणून कुठलीही वाट दोनदा रंगवावी लागते, नाहीतर दोघांनी रंगवावी लागते.

काकांकडे दुसरं माणूस होतं. त्यांची ताई.

ताई तीन वर्षांनी मोठ्या. इस्पितळाच्या कपडेखोलीत त्यांनी जन्म काढला. चादरी, अभ्रे, रोग्यांचे अंगरखे यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खोलीचा आकडा घालायचा, हे काम. त्यांचा टाका शंभर धुण्यांत सुटत नसे असं तिथल्या परिचारिका सांगत. आईवडील गेले, दोघांचीही लग्नं राहून गेली. का राहिली याची कारणं नातेवाईकांनी वेळोवेळी शोधली आणि दमून सोडून दिली. दोन खोल्यांच्या घरात भाऊ-बहीण राहत, भांडत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वाट रंगवत.

ठरलेलं असं, की ताईंनी पहाटेची पहिली बस पकडून पलीकडच्या गावाला जायचं. आठ वाजता त्यांनी तिकडून निघायचं, काकांनी इकडून, आणि साडेदहाला खंदकापाशी भेटायचं. तिथल्या दगडी ओट्यावर थर्मासमधला चहा, पाव, उकडलेली अंडी. मग दोघांनी आपापल्या दिशेने पुढे जायचं. ताई दुपारी चालत घरी पोचायच्या, काका पलीकडून बसने यायचे. म्हणजे अकरा किलोमीटर दोघंही एकेकटेच चालत. सोबत काय ती खंदकाच्या ओट्यावरची.

तीही पुरती नाही. काका साडेदहाला पोचलेत असं तेवीस वर्षांत घडलं नाही. त्यांच्या वाट्याच्या पहिल्या टप्प्यात मोठं तळं होतं, आणि तळ्यावर गळ टाकून बसलेली मंडळी होती. मीटर वाचणाऱ्याला दारोदार दोन शब्द बोलायची सवय. मासा लागला का, केवढा होता, सुटला कसा, यात पाऊण तास जायचा. राहिलेला पाव तास गवतवाला खायचा. काका साडेअकराला डुलत डुलत यायचे. ताई ओट्यावर बसलेल्या असायच्या. "आलास?" म्हणायच्या, आणि थर्मास उघडायच्या.

रंगवण्यावरून मात्र दोघांचं वाजायचं. ताई फाट्याच्या आधी एक खूण काढत आणि फाटा ओलांडल्यावर वीस पावलांवर आणखी एक. तिला ताई धीराची खूण म्हणत. "वळल्यावर माणसाला वाटतं, बरोबर वळलो ना? तेव्हा कोणीतरी हो म्हणायला हवं," असं त्यांचं म्हणणं. काकांच्या मते ही निव्वळ रंगाची नासाडी होती. ज्याला डोळे आहेत त्याला एक खूण पुरते, आणि ज्याला नाहीत त्याने घरी बसावं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी ताई चादरींच्या घड्या करता करता म्हणाल्या, "मी लग्न करतेय."

काकांना वाटलं, थट्टा. एकसष्टाव्या वर्षी माणूस दात नवे करतो, लग्न नाही. पण ताई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवरा मुलगा सदुसष्ट वर्षांचा होता, विधुर होता, तीन तासांवरच्या शहरात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काकांनी त्याला पाहिलंही होतं. फिरायला येणारा एक उंच, वाकलेला माणूस, दोन-तीनदा खंदकाच्या ओट्यावर बसलेला दिसला होता. एकदा तर काकांनी त्याला स्वतःच्या हाताने अर्धं अंडं दिलं होतं.

"लोक हसतील," काका म्हणाले.

"हसू देत."

काकांना पुढे पुष्कळ काही बोलायचं होतं. मला एकट्याला टाकून जाऊ नकोस, हे त्यांतलं पहिलं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "आणि खुणा?" त्यांनी विचारलं. "परतीच्या खुणा कोण काढणार?"

ताईंनी हातातली चादर अर्धी दुमडलेली तशीच ठेवली आणि आतल्या खोलीत गेल्या. लग्न नोंदणी कचेरीत झालं. त्या दिवशी काका रंगाचा डबा घेऊन वाटेवर निघून गेले. रविवार नव्हता, ओल्या झाडांवर रंग नीट धरत नव्हता, पण गेले.

त्यानंतर ताई दर रविवारी फोन करायच्या. फोन वाजायचा आणि काका भांडी घासत राहायचे. वाजून वाजून थांबला की नळ बंद करायचे. आपण रागावलोय असं ते स्वतःला सांगत. खरं तर फोन उचलून काय बोलायचं हेच त्यांना सुचत नव्हतं, आणि एक रविवार गेला की पुढचा जास्त अवघड व्हायचा. असे चौदा महिने गेले. चादरीची घडी एकट्याने नीट पडत नाही, हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. हनुवटीखाली एक टोक धरून ते दुसरं टोक शोधत खोलीभर फिरायचे, शेवटी बोळा करून कपाटात कोंबायचे. बोलायला घरात भिंती होत्या. तळ्यावरच्या मंडळींशी गप्पा मारून ते घरी आले की दार उघडताना उगाच खाकरायचे, आत कोणी असल्यासारखे.

वाट मात्र सोडली नाही. आठवडाभर घरात बसून राहिलेला माणूस त्या एका दिवशी नीट दाढी करून निघायचा. दर महिन्याला टाकीपासून पलीकडच्या गावापर्यंत जायचं, पट्टे ताजे करायचे, बसने परत यायचं. परतीच्या अंगाला त्यांनी ब्रश लावला नाही. ती ताईची बाजू. तिची ती टाकून गेली, तर आपण का उचलायची? जाणूनबुजून त्यांनी एवढा विचार केला असं नाही म्हणवत, पण झाडामागे वळून बघायचं त्यांनी टाळलं एवढं खरं.

व्हायचं ते झालं. पलीकडच्या गावातून निघालेलं एक वयस्क जोडपं जुळ्या तळ्यांपाशी चुकलं, लव्हाळ्यांत कमरेएवढ्या चिखलात गेलं आणि दोन तासांनी आरडाओरडा ऐकून गवतवाल्याने त्यांना बाहेर काढलं. त्याआधीही तीन तक्रारी आल्या होत्या. भटक्या मंडळाच्या चिटणीसबाई स्वतः घरी आल्या.

"काका, स्पष्टच बोलते," त्या खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. "नवा नकाशा छापायला जातोय. महिनाअखेरपर्यंत परतीच्या खुणा झाल्या नाहीत, तर ही वाट नकाशातून काढावी लागेल."

"तेवीस वर्षांत कोणी चुकलं नव्हतं."

"तेवीस वर्षं तुम्ही दोघं होतात." चिटणीसबाईंनी आवाज खाली आणला. "तुमच्या जोडीला कोणी देऊ का? एक-दोघं तयार आहेत."

"नको," काका म्हणाले. "मी करतो."

त्या गेल्यावर त्यांनी दार लावलं. नकाशातून वाट गेली की वाटेवर माणसं येणार नाहीत, माणसं नसली की रंगवायचं कारण नाही, आणि ते कारण गेलं तर सकाळी उठून बूट घालायलाही कारण उरणार नाही. हा हिशोब त्यांना मीटरच्या आकड्यांसारखा लख्ख दिसला.

पुढच्याच रविवारी ते पहाटेच्या बसने पलीकडच्या गावाला गेले. बसमध्ये ते एकटेच होते. या बसची वेळ किती वाईट आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं. ताईंनी कधी कुरकुर केल्याचं आठवेना.

आठ वाजता ते चालू लागले आणि साडेआठपर्यंतच त्यांची फजिती सुरू झाली. तेवीस वर्षं जी वाट डोळे मिटून चालू शकतो म्हणायचे, ती वाट उलट्या अंगाने त्यांना ओळखच देईना. रान नेमकं तेच, पण सूर्य भलत्याच बाजूला. ओळखीचं एकही झाड नाही, कारण ओळखीच्या सगळ्या झाडांची पाठ त्यांच्याकडे. जुळ्या तळ्यांपाशी आले तर समोर गुरांनी पाडलेल्या तीन वाटा, तिन्ही सारख्याच तुडवलेल्या. खंदकाकडून येताना इथे दोन तळ्यांमधला बांध सरळ दिसतो, चुकायचा प्रश्नच नाही. इकडून बांध दिसतच नव्हता. काकांनी मोठ्या विश्वासाने मधली वाट धरली आणि दहाव्या मिनिटाला डावा बूट चिखलात हरवून बसले.

बूट सापडला, धीर सापडला नाही. खिशात फोन होता. कुठे वळायचं हे सांगणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला विचारण्यापेक्षा काकांनी ओल्या पायाने गावात परत जाऊन दुपारच्या बसची वाट पाहिली. पट्टेवाले काका स्वतःच्या वाटेवर चुकले, हे कोणी पाहिलं नाही यातच त्यांनी समाधान मानलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. या वेळी तीन वाटांसमोर थांबले आणि उभ्या उभ्या शोधण्याऐवजी खाली बसले. ताई उंचीने त्यांच्या खांद्यालाही लागत नसत. त्यांच्या खुणा काकांच्या नजरेच्या उंचीवर कशा सापडणार? बसल्यावर डाव्या हाताला काटेरी वेलीखाली एक बुंधा दिसला, वेल बाजूला केली तर त्यावर फिकट पिवळा पट्टा. सगळ्यांत डावीकडची, सगळ्यांत बारीक वाट. काका तिच्यावरून निघाले. पाच पावलं, दहा पावलं, लव्हाळी दोन्ही बाजूंनी अंगावर आलेली, आणि डोक्यात तेच, बरोबर वळलो ना? विसाव्या पावलाला एका दगडावर पुसट होत आलेली दुसरी खूण होती.

त्या दगडापाशी काकांना रडू आलं. उगाच आडपडदा कशाला, चांगलं हुंदके देऊन आलं. मग त्यांनी नाक पुसलं, डबा उघडला आणि दगडावरची खूण होती तिथेच, होती तेवढीच, ताजी केली. बुंध्यावरची करायला मागे गेले. वेल कापली. त्यानंतर वाटेत जिथे जिथे ताईंच्या दोन खुणा होत्या, तिथे त्यांनी दोन काढल्या. गुडघे बोलत होते, पण एकही पट्टा त्यांनी वर सरकवला नाही.

खंदकापाशी पोचले तेव्हा साडेदहाला पाच मिनिटं कमी होती.

या टप्प्यात बोलायला कोणी भेटतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. तळी आहेत पण तिथे मासे नाहीत, म्हणून गळवाले नाहीत. शेत नाही, घर नाही. रान, पाणी, आणि लढाईतल्या गोळ्यांनी भोकं पडलेली ही जाड भिंत. काका ओट्यावर बसले. ओटा थंडगार होता. ऊन या बाजूला दुपारशिवाय येत नसावं. बंकरच्या काळ्या फटीतून ओलसर वास येत होता. त्यांनी चहा ओतला, प्यायला, घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. बघण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे धावपट्टीकडून येणारी वाट, आणि तिच्यावर कोणी नव्हतं.

मीटरवाल्याचं डोकं आपोआप गुणाकार करायला लागलं. महिन्याला एक तास. वर्षाचे बारा. तेवीस वर्षांचे दोनशे शहात्तर. म्हणजे साडेअकरा दिवस. साडेअकरा दिवस आणि तितक्याच रात्री ताई या थंड दगडावर बसून त्या वाटेकडे बघत होत्या, आणि तेवढा वेळ आपण तळ्यावर दुसऱ्याचा सुटलेला मासा केवढा होता ते ऐकत होतो. मग एक दिवस याच बाजूने, ताईंच्याच खुणा बघत, एक घड्याळवाला आला आणि शेजारी बसला. ताईंचं लग्न जुळवलं कोणी, तर काकांनीच, दर महिन्याला न चुकता उशिरा येऊन.

खंदकावर फोनला रेंज मिळते ती फक्त छपरावर. काका हातापायांवर चढून वर गेले आणि त्यांनी फोन लावला.

"हॅलो," ताई म्हणाल्या. मग जरा दबकत, "तू आहेस?"

"मीच."

"बरा आहेस ना? पडलाबिडलास का कुठे?"

"नाही गं. खंदकावरून बोलतोय. तुझ्या बाजूने आलो आज."

पलीकडे बरीच घड्याळं टिकटिकत होती. ताईंनी दार लावल्याचा आवाज आला आणि टिकटिक कमी झाली.

"तळ्यांपाशी वळलास बरोबर?"

"मागच्या वेळी नाही वळलो. या वेळी वळलो."

"वेल वाढली असेल तिथे."

"कापली. ताई, तू तासतासभर इथे बसायचीस. कधी बोलली नाहीस."

"बोलले होते, पहिल्या वर्षी. तू म्हणालास, बस की, हवा किती छान आहे."

काकांना हे आठवत नव्हतं. आठवत नव्हतं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"राग यायचा?"

"यायचा. मग यायचा बंद झाला, ते जास्त वाईट होतं." ताई अगदी शांतपणे सांगत होत्या, कोणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं. "मग हे यायला लागले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तुला आणखी थोडा उशीर झाला तरी चालेल."

"लग्नाला मी यायला हवं होतं. चुकलो मी."

"हो, चुकलास," ताई म्हणाल्या. त्यांनी ते जराही मऊ केलं नाही, आणि काकांना त्याचंच बरं वाटलं.

"एकदा ये ना," ते म्हणाले. "वाट बघून जा. खुणा तुझ्याच जागी काढल्यात. दोन-दोन."

"येईन. यांनाही घेऊन येईन. पण निघायचं सगळ्यांनी एकाच टोकाकडून. मला आता समोरून एकटीने यायचं नाही रे."

"बरं."

"आणि आता लगेच उठून जाऊ नकोस. बस तिथे साडेअकरापर्यंत."

"बसतो," काका म्हणाले.

फोन ठेवून ते छपरावरून उतरले आणि ओट्यावर बसले. एक पाणकोंबडी तळ्याच्या या कडेपासून त्या कडेला गेली. चहा संपला होता. धावपट्टीकडच्या वाटेवरून कोणी येणार नाही हे पक्कं माहीत असूनही त्यांची मान सारखी तिकडे वळत होती. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. साडेअकरा वाजल्यावर त्यांनी डबा उचलला आणि पुढची अर्धी वाट रंगवायला घेतली.